१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्याच्या ओसरीवर आम्ही रविवारी सकाळी गणिताचा वर्ग घेतो. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं येतात, काही मिरजेहून, काही माधवनगर-बुधगावहून. शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी फळ्यावर फक्त एक संख्या लिहिते आणि खडू खाली ठेवते. ती संख्या वर शीर्षकात आहे. मग तासभर मुलं विचारत राहतात. घरी गेल्यावर आईवडिलांना सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचेही प्रश्न येतात. तेच तेच प्रश्न दर वर्षी येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

ही संख्या येते कुठून?

नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येला याच संख्येनं गुणा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे ही पूर्ण वर्ग संख्या आहे आणि तिचं वर्गमूळ नुसत्या एकांचं आहे.

एकदम नऊ एकांवर उडी न मारता पायरीपायरीनं चढलेलं बरं :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

पाचव्या ओळीपर्यंत मुलं स्वतः गुणाकार करतात. सहावी ओळ कुणी करत नाही, सगळे उत्तर ओरडून सांगतात. मी त्यांना तरीही सहावी ओळ करायला लावते. नमुना दिसला म्हणजे तो पुढेही चालेल असं धरून चालणं ही गणितातली फार जुनी चूक आहे, आणि हा नमुना खरोखरच एका ठिकाणी मोडतो. ते पुढे येईल.

एवढी मोठी संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. जोड्या पाडल्यावरही चढउतार तसाच राहतो, हे मला दर वेळी आवडतं.

आजीआजोबांना ‘एकं दहं शतं’ पाठ असेल तर त्यांना म्हणायला सांगा. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा स्थानं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) याच अठरा स्थानांची यादी आहे, दोनचार नावं वेगळी आहेत एवढंच. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानावर बसतो. त्या हिशेबानं वाचन असं : १२ अंत्य ३४ शंकू ५६ निखर्व ७८ अब्ज ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.

रोजच्या भाषेत सांगायचं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ‘कोटी’ दोनदा म्हणावं लागतं. जुन्या यादीत मोठ्या स्थानांना वेगळी नावं का होती ते इथे कळतं.

पण म्हणजे केवढी मोठी? डोळ्यांसमोर काही येत नाही.

आलेखवही आणा. तिच्यातला सगळ्यात बारीक चौकोन एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद असतो. आता असा एक चौरस आलेख कागद मनात आणा, ज्याच्या प्रत्येक बाजूवर १११११११११ बारीक चौकोन आहेत. त्याची बाजू किती लांब होईल? १११ किलोमीटर १११ मीटर १११ मिलिमीटर. सातारा ते सांगली सरळ रेषेत मोजलं तर अंतर साधारण एवढंच भरतं, दोघांमधला गाडीरस्ता याहून लांब आहे.

त्या कागदाची एक कड साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, दुसरी तेवढीच लांब तिला काटकोनात. कागदाचं क्षेत्रफळ १२,३४५ चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरांचा आहे, सांगली जिल्हा सुमारे साडेआठ हजारांचा. म्हणजे अख्खा सातारा जिल्हा झाकून कागद उरेल, दोन्ही जिल्हे मात्र झाकले जाणार नाहीत. आणि त्या कागदावरचे मिलिमीटरचे चौकोन मोजले तर ते बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ भरतील.

मोजायला किती वेळ लागेल, असं लगेच कुणीतरी विचारतंच. सेकंदाला एक चौकोन, न झोपता न जेवता, तर सुमारे ३९ कोटी वर्षं. अजिंक्यतारा ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री नव्हताच, तेव्हापासून मोजत बसावं लागलं असतं.

अंक एकेक करून चढतात आणि तसेच उतरतात, हे होतं कसं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मला माझ्या आईच्या रांगोळीत सापडलं. मी तेव्हा सातवीत होते. आई दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. शेणानं सारवलेल्या जमिनीवर चिमटीतून ठिपका सोडायची : वरच्या ओळीत एक, त्याखाली दोन, मग तीन, असं नऊपर्यंत, आणि पुन्हा आठ, सात, सहा करत खाली एकावर. मी बाजूच्या पायरीवर बसले होते, मान तिरकी करून. तिरक्या मानेनं पाहिलं तर ओळी वेगळ्याच दिसल्या. प्रत्येक ओळीत नऊ ठिपके आणि अशा ओळी नऊ. रांगोळी तीच, ठिपके तेच एक्क्याऐंशी. समोरून पाहिलं तर एक-दोन-तीन करत नऊ आणि परत, तिरकं पाहिलं तर नऊ नवे एक्क्याऐंशी.

आता उभा गुणाकार मांडून पाहा. छोटा घ्या, १११ × १११. पहिली ओळ १११. दुसरी ओळ १११, पण एक घर डावीकडे सरकवून, एककाच्या घरात फुली. तिसरी ओळ १११, दोन घरं सरकवून. तीन ओळी, प्रत्येकीत तीन एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका घरानं डावीकडे. म्हणजे तीन बाय तीनचा चौरसच आहे, फक्त कलंडलेला. बेरीज आपण उभ्या रकान्यांत करतो. उजवीकडच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणून १२३२१.

नऊ एकांच्या गुणाकारात असाच नऊ बाय नऊचा कलंडलेला चौरस तयार होतो. अंक वाचताना आपण रांगोळी समोरून वाचत असतो. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या ठिपक्यांची संख्या.

वर्गात आम्ही हे शहाबादी फरशीवर खडूनं करतो. मुलं आधी गुणाकार म्हणून एकेक ओळ लिहितात, नंतर कोपऱ्यात जाऊन, मान वाकडी करून बघतात. ज्या क्षणी चौरस दिसतो त्या क्षणी चेहरा बदलतो, आणि तो बदललेला चेहरा बघण्यासाठीच मी दर वर्षी ही संख्या फळ्यावर लिहिते.

मग दहा एक घेतले तर मध्ये १० येईल का?

येतो, आणि तिथेच नमुना मोडतो. मधल्या रकान्यात दहा ठिपके जमतात. एका घरात दहा मावत नाहीत, म्हणून शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या रकान्यात आधीच नऊ आहेत, हातच्याचा एक मिळून दहा, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, त्यात एक मिळवला की नऊ. इथे हातचा थांबतो. उत्तर :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडच्या चढणीवरचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्यं आली. उजवीकडची उतरण मात्र तशीच राहिली, कारण हातचा फक्त डावीकडे जातो. संख्या उलटी वाचली तर आता सारखी राहत नाही.

नऊ एकांचा वर्ग हा या माळेतला शेवटचा, ज्यात एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. मला वाटतं या संख्येचं खरं वैशिष्ट्य हेच आहे. आपण रोज जे गुणाकार करतो त्यात हातचे मिसळले की आतली रचना पुसली जाते. इथे ती पुसली गेलेली नाही. अगदी काठोकाठ भरली आहे, पण सांडलेली नाही.

कॅल्क्युलेटरवर आणि संगणकावर उत्तर वेगळं का येतं? आमचं चुकलं का?

तुमचं चुकलेलं नाही. दुकानात हिशेबाला असतो तो कॅल्क्युलेटर बहुतेक बारा अंकी. सतरा अंक त्यावर मावणारच नाहीत.

संगणकातल्या एक्सेलमध्ये हा गुणाकार केला तर १२३४५६७८९८७६५४३०० असं उत्तर मिळतं. तिथे संख्येचे पहिले पंधरा अंकच जपले जातात, पुढे शून्यं भरली जातात. काही प्रोग्रामिंग भाषांत १२३४५६७८९८७६५४३२० येतं, शेवटचा एक जातो. कारण असं : संख्या साठवण्याच्या या नेहमीच्या पद्धतीत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक बसतो. त्याच्या पुढे, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या त्याच टापूत येते आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते.

पायथॉन भाषेत पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो, तिथे करून पाहा. माझ्याकडे दहावीची मुलं नवीन ॲप घेऊन येतात, तेव्हा मी आधी हाच गुणाकार त्यात घालायला सांगते. शेवटी ३२१ आलं तरच मोठ्या संख्यांसाठी त्यावर भरवसा ठेवावा. कागदावर केलेलं उत्तर यंत्रापेक्षा अचूक निघतं हे मुलांना एकदा स्वतः बघू द्यावं.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. पूर्ण वर्ग संख्या मूळ असूच शकत नाही. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या त्याचा वर्ग असल्यानं तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. तिला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या एकूण ४५ आहेत.

हे अवयव शोधायला अवघड नाहीत. १११११११११ म्हणजे १११ × १००१००१. पहिल्याचे ३ × ३७, दुसऱ्याचे ३ × ३३३६६७.

१२३४५६७९ या संख्येचा हिच्याशी काय संबंध? आणि त्यात आठ का नाही?

१२३४५६७९ ला नवानं गुणलं की १११११११११ मिळतात. म्हणून आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ च्या वर्गाची ८१ पट. कुणाच्याही आवडीचा अंक विचारा, समजा सात. १२३४५६७९ ला ७ × ९ म्हणजे ६३ नं गुणा, ७७७७७७७७७ मिळतील. हा खेळ बऱ्याच जणांना माहीत असतो, पण आठ का गाळला हे सहसा कुणी विचारत नाही.

कारण भागाकार करताना दिसतं. १११११११११ ला ९ नं भागा. अकरात नऊ एकदा, बाकी दोन. वरचा एक खाली घेतला, एकवीस झाले : भाग दोनदा, बाकी तीन. एकतीस : तीनदा, बाकी चार. एकेचाळीस : चार, बाकी पाच. एक्कावन्न : पाच, बाकी सहा. एकसष्ट : सहा, बाकी सात. एकाहत्तर : सात, बाकी आठ. आता खाली आलेला एक धरून एक्क्याऐंशी. दर वेळच्या चालीनं इथे भाग आठदा जायला हवा आणि बाकी नऊ उरायला हवी. पण बाकी नऊ उरणं म्हणजे आणखी एक पूर्ण भाग. म्हणून नऊ नवे एक्क्याऐंशी, बाकी शून्य. आठाला उभं राहायला जागाच मिळत नाही.

दहा एकांच्या वर्गातही डावीकडून आठच गायब झाला होता, आठवतं? तिथे हातचा होता, इथे बाकी आहे. दोन्हीकडे कारण एकच, घरात नऊपर्यंतच मावतं.

अंकांची बेरीज ८१ येते. त्यात काही खास आहे का?

आहे. १ ते ९ आणि परत १ पर्यंतची बेरीज ८१, म्हणजे रांगोळीतले सगळे ठिपके. आणि संख्येला ८१ नं नि:शेष भाग जातो. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो तिला ‘हर्षद संख्या’ म्हणतात, हर्ष देणारी. हे नाव गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं. १२ ही हर्षद आहे (बेरीज ३), १८ आहे (बेरीज ९), १३ नाही.

उलट, संख्येला ८१ नं गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो : ९९९९९९९९८००००००००१. या उत्तराचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करा आणि त्यांची बेरीज करा. ९९९९९९९९८ आणि १ मिळून पुन्हा ९९९९९९९९९. वर्गाच्या तुकड्यांची बेरीज केली की जिचा वर्ग केला तीच संख्या परत येते, अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ हे छोटं उदाहरण : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

आणखी एक. विषम अंकांची बेरीज ४१, सम अंकांची ४०. या दोघांची बेरीज ८१ आणि वजाबाकी १. म्हणून ४१ च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा केला की ८१, म्हणजेच ९ चा वर्ग. बाजू ९, ४० आणि ४१ घेतल्या तर काटकोन त्रिकोण होतो. ही गोष्ट मला फळ्यासमोर उभं राहून अंक मोजताना दिसली होती.

गुणाकार बरोबर आहे हे तपासायला नवाचा ताळा चालेल का?

इथे नवाच्या ताळ्यावर, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून केलेल्या पडताळ्यावर, विसंबू नका. एका वर्षी मी मुलांसाठी कागद छापून घेतले, त्यात छपाईत उतरणीवरचे ५ आणि ४ उलटसुलट झाले. मी नवाचा ताळा करून कागद वाटलेही. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज ८१ च राहते, त्यामुळे ताळ्यात चूक पकडली जाणार नव्हती. मिरजेच्या सातवीतल्या एका मुलीनं संख्या उलटी वाचली आणि सांगितलं, “बाई, ही परत येताना अडखळते.”

त्यानंतर मी अकराचा ताळा शिकवायला लागले. उजवीकडून एक सोडून एक अंक मिळवा, उरलेले वजा करा. १११११११११ मध्ये पाच वेळा अधिक, चार वेळा वजा, उत्तर १. एकाचा वर्ग एक. आपल्या संख्येत ४१ – ४० = १. ताळा जुळला. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले तर या ताळ्यात ते लगेच कळतं.

उलटी वाचली तरी तीच, अशा संख्येला मराठीत काय म्हणतात?

विलोम संख्या. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटापासून वाचा : रा, मा, ला, भा, ला, मा, रा. मध्ये ‘भा’ एकटा, दोन्ही बाजूंना सारखी अक्षरं. आपल्या संख्येत ‘भा’च्या जागी नऊ आहे.

या संख्यांना ‘डेमलो संख्या’ का म्हणतात?

हेही नाव कापरेकरांचंच. १, १२१, १२३२१ या माळेला ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हणतात. डेमलो हे मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्थानकाचं नाव. ते आजचं डोंबिवली, असं सांगितलं जातं. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली.

कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली नोकरी नव्हती. संख्यांशी खेळत राहिले आणि जे सापडलं ते लिहीत गेले. १९७५ मध्ये लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. १९८६ मध्ये ते गेले. आपल्या मुलांना परदेशी गणितज्ञांची नावं माहीत असतात आणि या मराठी शाळामास्तरांचं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून वर्गात त्यांचं नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते.

६१७४ वाले तेच का?

तेच. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा ३५२४. उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच : ८७३० – ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच आणि मग हलत नाही. हे त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केलं.

कापरेकरांच्या आधी कुणाला या चढत्या-उतरत्या संख्या माहीत होत्या का?

हो, आणि फार आधी. महावीराचार्य हे गणिती नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात होऊन गेले. आपला हा कृष्णाकाठही तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या अंकांनी न लिहिता शब्दांत सांगितली आहे : एकापासून सहापर्यंत, आणि मग क्रमानं उतरत. तो सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांना त्यांनी गळ्यातल्या कंठ्याची उपमा दिली.

कंठा हा शब्द मला विलोमपेक्षा जवळचा वाटतो. मधे मोठा मणी आणि दोन्हीकडे उतरत गेलेले लहान मणी, अशी माळ आपण घराघरांत पाहिलेली असते.

आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून हे जमतं का?

अर्धं हो, अर्धं नाही. चढून उतरणं कुठल्याही पद्धतीत होतं. बीजगणित शिकलेल्यांसाठी : क्षचा वर्ग + क्ष + १, या राशीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३, २, १ येतात, क्ष काहीही असो. दहा ही फक्त क्षच्या जागी बसवलेली एक संख्या.

कुठपर्यंत चढायचं ते मात्र पाया, म्हणजे आपण कितीच्या पटीत मोजतो ते, ठरवतो. आठाच्या पटीत मोजणाऱ्या अष्टमान पद्धतीत एका घरात सातपर्यंतच मावतात, म्हणून तिथला काठोकाठचा वर्ग सात एकांचा, १२३४५६७६५४३२१. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर दोन एकांनाच हातचा लागतो : ११ म्हणजे तीन, वर्ग नऊ, आणि नऊ तिथे १००१ असा लिहितात.

१२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही हिचीच बहीण का?

दिसायला हो, नात्यानं नाही. ही वीस अंकी संख्या कुठल्याही एकांचा वर्ग नाही. ती मूळ संख्या आहे! आपल्या संख्येला भाग जाणाऱ्या ४५ संख्या, आणि मधे १० घालून केलेल्या या संख्येला १ आणि ती स्वतः, एवढ्या दोनच. आणि ती विलोमही नाही, कारण उलटी वाचताना १० चे ०१ होतात.

ही संख्या शुभ आहे का? गाडीला किंवा फोनला असा नंबर घ्यावा का?

संख्येत शुभ-अशुभ काही नसतं. लक्षात ठेवायला सोपा नंबर हवा असेल तर जरूर घ्या.

घरी मुलांबरोबर आणखी काय करून पाहता येईल?

दोन्ही संख्यांत सारखे एक घेऊ नका. १११११ × १११ करा : १२३३३२१. चढण तीनपर्यंत, मग सपाट पठार, मग उतरण. फरशीवर मांडलं तर चौरसाऐवजी कलंडलेला आयत दिसेल आणि पठार किती लांब ते आधीच सांगता येईल. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, गुणाकार नंतर.

मग ३३३३३३३३३ चा वर्ग. तो १११११११०८८८८८८८८९ असा वाटेल, पण अंक मोजा. बरोबर उत्तर ११११११११०८८८८८८८८९ : आठ वेळा एक, मग एक शून्य, आठ वेळा आठ आणि शेवटी नऊ, एकूण अठरा अंक. आमच्या वर्गात हे लिहिताना निम्मी मुलं एखादा एक खातात. आपल्या संख्येला नवानं गुणून पडताळा घ्या आणि अंकांवर बोट ठेवत मोजा.